डावा खांदा अर्धा इंच खाली

घरातलं शेंडेफळ म्हणून त्याचं नाव बारक्या पडलं. पंचेचाळिशी आली, पोट सुटलं, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी आई, ताई आणि गल्लीतली माणसं त्याला बारक्याच म्हणत राहिली. कामावर मात्र तो 'सर' होता. शहरातली देवळं दाखवणं हे त्याचं काम. बसभर माणसांना नाही. एका वेळी एक गिऱ्हाईक, फार तर एखादं कुटुंब. पायी पायी, सकाळच्या चार तासांत पाच देवळं. आदल्या संध्याकाळी ऑफिसातली बाई फोनवर निरोप पाठवायची: किती माणसं, कुठे भेटायचं, कुणाला काही पथ्य आहे का. सकाळी हा छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन हजर.

त्याचं सगळं चालायचं ते घशावर. एखाद्या खांबासमोर तो बोलायला उभा राहिला की मुलं चुळबुळ थांबवायची, ओढून आणलेले जावई फोन खिशात टाकायचे. घंटा कुणी दिली, गाभाऱ्याचं दार एवढं ठेंगणं का, पायरीला खळगा कशाने पडला, हे तो असं सांगायचा, जणू कालच हा तिथे उभा राहून सगळं बघत होता.

आणि हाच माणूस घरी आला की मुका. दारात चपला काढल्या की आवाजही तिथेच काढून ठेवल्यासारखा. "कसा गेला दिवस?" "ठीक." "कोण होतं आज?" "होते एक." बायको म्हणायची, "तुमच्या तोंडाला बाहेर दरवाजा आहे आणि घरात नुसती भिंत."

त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी बारक्या रंगाच्या कारखान्यात हजेरीचं काम करायचा. ते सोडून त्याने हे धरलं, तेव्हा आई म्हणाली होती, "लोकांना देवळं दाखवायची? देवळं काय लपून बसलीत?" आई बोलली आणि विसरली. बारक्या विसरला नाही. त्यानंतर कामाबद्दल त्याने घरात चकार शब्द काढला नाही, आणि एका गोष्टीबद्दल न बोलायची सवय लागली की हळूहळू ती बाकीच्या गोष्टींनाही लागते.

आई एकाहत्तर वर्षांची. मागच्या खोलीत खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन. वडील लवकर गेले, तेव्हापासून ताई आणि बारक्या त्या मशीनवरच मोठे झाले. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, शेजारणींचे ब्लाउज. पुढे मुलं मोठी झाल्यावर बाजारातल्या एका मोठ्या कापडदुकानाचंही काम येऊ लागलं. दुकानाचा माणूस दर दोन महिन्यांनी भारी कापडाचा गठ्ठा टाकून जायचा. त्याला घरात 'त्या मुलीचे कपडे' म्हणत. "आज त्या मुलीचे कपडे काढलेत, मला कुणी हाक मारू नका," असं म्हणून आई दार लोटून घ्यायची. कोण मुलगी, कुणाची, हे कुणी विचारलं नाही. घरात रोज कानावर पडणाऱ्या गोष्टी माणूस ऐकत नाही, त्यातलाच तो प्रकार.

एका संध्याकाळी निरोप आला: 'उद्या एकच व्यक्ती. वयस्कर बाई. गुडघे दुखतात, हळू चालतात. सकाळी आठ वाजता, चौकातल्या घड्याळाखाली.'

बारक्या पोचला तेव्हा घड्याळाखालच्या बाकावर त्याची आई बसली होती. अंगावर ठेवणीतली साडी, मांडीवर पर्स, आणि पायात त्याच्या बायकोचे नाडीवाले पांढरे बूट.

"आई? तू इथे काय करतेस?"

"गाईडची वाट बघतेय," आई म्हणाली. "आठची वेळ दिली होती. आठ वाजून चार मिनिटं झालीत."

बारक्याने इकडे तिकडे बघितलं. दुसरी कुणी वयस्कर बाई नव्हती. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने बायकोला फोन लावला. तिकडून आधी हसूच आलं.

"मीच ठरवलं ते," बायको म्हणाली. "पण करायला सांगितलं आईंनीच. आणि हे बघा, गिऱ्हाईक म्हणून आल्यात त्या. चिडचिड केलीत तर ऑफिसात तक्रार जाईल."

फोन ठेवून तो आईशेजारी बसला. "अगं, मला सांगायचं ना. असाच घेऊन आलो असतो तुला."

"असाच नको. असाच आणलंस तर म्हणशील, हे एक देऊळ, हे दुसरं देऊळ, चल घरी." आईने पर्सचा पट्टा खांद्यावर चढवला. "पलीकडच्या वहिनींची भाची तुझ्याबरोबर फिरून आली. मला म्हणाली, आजी, तुमचा मुलगा चार तास बोलत होता आणि आम्ही आ वासून ऐकत होतो. मी म्हटलं, ही कुणाच्या मुलाबद्दल बोलतेय? माझा मुलगा तर वर्षभरात मिळून चार तास बोलत नाही. म्हटलं, पैसे भरून का होईना, एकदा ऐकून बघू."

आई उठली. "चला सर," ती म्हणाली. "उन्हं चढायच्या आत निघू या."

पहिलं देऊळ लोखंडी सामानाच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. कृष्णाचं. जिन्याच्या तोंडाशी बूट काढायचे म्हणून आई वाकली, पण गुडघा काही तिला वाकू देईना. बारक्या खाली बसला आणि त्याने नाड्या सोडल्या. "तुझ्या सुनेने बांधताना गाठीवर गाठ मारलीय," तो पुटपुटला. "पडू नये म्हणून," आई म्हणाली.

वर गेल्यावर त्याची जीभ टाळ्याला चिकटली. रोज सांगायची तीच माहिती, पण समोर आई हात जोडून विद्यार्थिनीसारखी उभी. "हे देऊळ... म्हणजे ही जागा आधी गोदाम होती. मग इथे मूर्ती आणली. मूर्ती संगमरवरी आहे."

आईने थोडा वेळ वाट बघितली. मग हळूच म्हणाली, "बारक्या, त्या भाचीच्या वेळी दुसरा कुणी गाईड होता का रे?"

त्याला हसू फुटलं आणि तिथेच काहीतरी मोकळं झालं. गोदामाच्या मालकाने सुटे खिळे ठेवायच्या फळीवर देव कसा मांडला, गिऱ्हाइकं आधी देवाला आणि मग खिळ्यांना हात कसा लावू लागली, शेवटी खिळे खाली गेले आणि देव वर राहिला, हे सगळं त्याने सांगितलं. आईने मान डोलावली. "आता आलास गाडीवर," ती म्हणाली.

दुसऱ्या देवळापाशी, म्हणजे शंकराच्या, समोर आई आहे हे तो पार विसरून गेला. ते देऊळ रस्त्याच्या पातळीखाली, अकरा पायऱ्या उतरून. "हे कुणी खड्ड्यात बांधलेलं नाही," बारक्या हात वर करून सांगू लागला. "हे बांधलं तेव्हा रस्ता इथे होता, या उंबऱ्याशी. मग माणसांनी रस्त्यावर रस्ता घातला, त्यावर आणखी एक घातला. शहर दर पिढीला वीतभर वर सरकलं. देव मात्र आपल्या जागेवरून हलला नाही. आता आपणच खाली उतरून त्याला भेटायला येतो."

आईने वर रस्त्याकडे बघितलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांची नुसती पावलं दिसत होती. "पाणी साचत असेल इथे," ती म्हणाली. "कोण काढतं?"

आजवर एकाही गिऱ्हाइकाने हे विचारलं नव्हतं. पण बारक्याला ते माहीत होतं. कोपऱ्यातला पंप, तो चालवणारा लंगडा म्हातारा, पंप बंद पडला की म्हाताऱ्याने त्याला घातलेल्या शिव्या आणि लगेच देवाची मागितलेली माफी, सगळं त्याने रंगवून सांगितलं. आई तोंडाला पदर लावून हसली. गाभाऱ्यातून निघताना मात्र ती म्हणाली, "हे एवढं सगळं तुझ्या पोटात असतं आणि घरी येऊन तू 'ठीक' म्हणतोस?"

हात धरून त्याने तिला एकेक पायरी वर आणलं.

तिसरं देऊळ छापखान्यांच्या गल्लीत होतं, देवीचं. दोन्ही बाजूंनी यंत्रांचा खटखटाट आणि शाईचा वास. मधेच एक लाकडी दार, आत फरशी घातलेलं लहानसं अंगण. बारक्याचं हे आवडतं देऊळ. इथला त्याचा कार्यक्रम ठरलेला. आधी अंगणात उभं राहून गोष्ट सांगायची, मग गाभाऱ्याकडे न्यायचं.

"आत गेल्यावर देवीच्या वस्त्रांकडे नीट बघायचं," तो म्हणाला. आता त्याचा आवाज चांगलाच लागला होता. "असं काम बाजारात मिळत नाही. देवीची वस्त्रं शिवणारं एकच घराणं आहे. सात पिढ्या तेच काम करतात. बापाने मुलाला शिकवायचं, मुलाने नातवाला. दुसऱ्या कुणाचा हात त्या कापडाला लागत नाही."

"सात पिढ्या," आई कौतुकाने म्हणाली. "माझ्यासारखी कुणी घरबसल्या शिकलेली नाही म्हणजे. मला माझ्या भावजयीने दोन महिन्यांत शिकवलं आणि लागले मशीनवर."

ते गाभाऱ्यासमोर आले. काळ्या दगडाची उभी मूर्ती, तीन-चार वर्षांच्या मुलीएवढी. अंगावर मोहरी रंगाचा घागरा, हिरवी चोळी, काठाला बारीक सोनेरी पट्टी. आईने हात जोडले, डोळे मिटले, उघडले. आणि ते उघडे डोळे घागऱ्याच्या काठावर खिळून राहिले. ती एक पाऊल पुढे गेली. मग आणखी एक.

"आजी, तिथूनच," आतून पुजारी म्हणाला. पन्नाशीचा, चष्मेवाला माणूस होता, बारक्याच्या चांगल्या ओळखीचा.

"तिसऱ्या चुणीत जोड आहे," आई म्हणाली.

"काय?"

"पट्टी चार बोटं कमी पडली होती. दुसरीचा तुकडा लावला आणि जोड तिसऱ्या चुणीत लपवला." आईने काठाकडे बोट केलं. "अरे, हा मी शिवलाय."

बारक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, असं काय करतेस? सारखं दिसत असेल. चल, मागे ये." पुजाऱ्याकडे बघून तो कसनुसं हसला. "माझी आई आहे. शिवणकाम करते, म्हणून जरा..."

आईने त्याचं बोलणं ऐकलंच नाही. "गुरुजी, एक विचारू? रागावू नका. देवीचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे का?"

"आई, तसलं काही नाहीये," बारक्या म्हणाला. "सहा वर्षं मी इथे येतोय."

पुजाऱ्याने हातातलं ताम्हन खाली ठेवलं. चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला. "सर," तो म्हणाला, "आहे. दगडातच तसं आहे. वस्त्र नेसवलं की दिसत नाही. आम्ही तिघं नेसवतो, तेवढ्यांनाच माहीत." मग तो आईकडे वळला. "मावशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चिठ्ठीने," आई म्हणाली. "एकोणीस वर्षं माझ्याकडे तीच चिठ्ठी आहे. छाती, कंबर, उंची, आणि खाली लिहिलंय, डावा खांदा अर्धा इंच खाली."

एवढं बोलून ती तिथेच फरशीवर बसली. बारक्या घाबरला. पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढे धरली. आईने ती बाजूला सारली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र हसरा होता.

"म्हणजे ती बरी आहे," ती म्हणाली. "बारक्या, ती बरी आहे रे. आजारी नव्हतीच ती कधी."

पुजाऱ्याने अंगणात चटई टाकून दिली. तिथे बसून आईने जे सांगितलं ते बारक्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता, आणि तरी त्यातलं निम्मं त्याच्या कानांवरून शंभरदा गेलेलं होतं.

पहिला गठ्ठा आला तेव्हा तिने दुकानाच्या माणसाला विचारलं होतं की एवढं भारी कापड कुणासाठी. तो म्हणाला, "काकू, गिऱ्हाइकाचं माप आहे, आपल्याला काय करायचंय?" खांद्याचं वाचून तिला वाटलं, कुणातरी मोठ्या घरची पोर असेल, खांद्याने अधू. तिने जपून शिवलं. वर्ष गेलं, दुसरं गेलं. गठ्ठे येत राहिले आणि माप तेच. पोर वाढेना. वाढ न होणारी मुलं असतात हे तिने ऐकलं होतं. तिच्या घरातल्यांना तिचं किती कौतुक, दर दोन महिन्यांनी नवे कपडे करतात, आणि पोर बिचारी तेवढीच्या तेवढी.

"परत विचारायची छातीच झाली नाही मला," आई म्हणाली. "काय उत्तर येईल कोण जाणे. जरीचं कापड टोचेल म्हणून आतून मलमलीचं अस्तर लावायला लागले. ते मला सांगितलेलं नव्हतं. माझ्याकडची जुनी मलमल धुऊन धुऊन मऊ झालेली, तीच घ्यायचे."

"ते अस्तर!" पुजारी म्हणाला. तो दारातच उभा राहून ऐकत होता. "आम्हाला वाटायचं, दुकानाची काही खास पद्धत असेल. आणि मावशी, एक सांगतो, राग मानू नका. ती चोळीची नाडी बगलेत का असते? मागे असती तर बरं. गेली एकोणीस वर्षं आम्ही त्या शिंप्याच्या नावाने खडे फोडतोय."

"अहो, बगलेतच हवी!" आई एकदम शिवणाऱ्याच्या आवाजात बोलू लागली. "मागे गाठ मारली तर पोरीला पालथं करावं लागेल. दुखऱ्या खांद्याची पोर, तिला का हलवायचं? डोक्यावरून न घेता बाजूने गुंडाळायचं आणि बगलेत बांधायचं. तुम्ही कसं घालता?"

पुजाऱ्याने हातांनी करून दाखवलं. आईने कपाळावर हात मारला. "उलटं करताय, गुरुजी. एकोणीस वर्षं उलटं!"

पुजारी लाजून हसला. मग त्याने आत जाऊन तिघांसाठी चहा आणला.

चहा पिताना आई म्हणाली, "मधे एकदा तीन-चार महिने गठ्ठा आला नाही. मला वाटलं, गेली पोर. अन्न जाईना मला."

"गाभाऱ्याची फरशी काढली होती तेव्हा," पुजारी म्हणाला. "देवळाचं दार बंद होतं. नऊ वर्षं झाली असतील."

बारक्याला ते दिवस आठवले. आईने जेवण टाकलं होतं. सगळ्यांना वाटलं, रक्तदाब. त्यानेच तिला दवाखान्यात नेलं होतं, दीड तास तिच्या शेजारी बाकावर बसला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या आणून दिल्या. दीड तासात तो तिला एकदाही म्हणाला नव्हता, आई, काय झालंय? आणि मग एक दिवस ती आपोआप जेवायला लागली. गोळ्या लागू पडल्या, असं तो ताईला फोनवर म्हणाला होता.

"देवापुढे मी रोज तिच्यासाठी हात जोडायचे," आई सांगत होती. "म्हणायचे, आई, त्या लेकराकडे बघ. थोडं तरी वाढू दे तिला."

"म्हणजे तू देवीलाच सांगत होतीस," बारक्या म्हणाला, "की देवीला बरं कर."

आईने त्याच्याकडे बघितलं. आधी तिच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा ती इतकी हसली की कपातला चहा बशीत सांडला. "केवढं हसू आलं असेल रे तिला! म्हणत असेल, ही बाई रोज उठून मलाच माझी तब्येत विचारतेय."

पुजारी हसला. छापखान्यातला एक माणूस काय झालं म्हणून दारातून डोकावून गेला. बारक्यालाही हसू आलं, पण हसता हसता तो उगाचच छत्रीचं बटण दाबत बसला. थोड्या वेळाने, चहाचे कप आत गेल्यावर, तो म्हणाला, "आई, ते सात पिढ्यांचं मीच घातलं होतं मनाने. कोण शिवतं माहीत नव्हतं. लोकांना बरं वाटतं ऐकायला."

"मला कळलं होतं ते."

"कसं?"

"तू लहानपणी थाप मारताना असाच हात हलवायचास." तिने त्याचा हात धरून मनगटापासून फिरवून दाखवला. "पण चांगली थाप होती हो. मीसुद्धा भुलले असते. हाताकडे बघत होते म्हणून, नाहीतर धरलीच होती खरी."

"तू कधी काही बोलली नाहीस घरी."

"काय सांगणार? मलाच कुठे माहीत होतं?" मग ती म्हणाली, "पण त्या मुलीची काळजी वाटते, एवढं सांगता आलं असतं. सांगावंसं वाटायचं. तू दमून आलेला असायचास. शिवाय तू माझ्यावर रागावलेला आहेस हे मला ठाऊक होतं, फक्त कशावरून ते आठवत नव्हतं."

बारक्याने तिला देवळं लपून बसण्याबद्दलचं वाक्य सांगितलं. सात वर्षं जपून ठेवलेलं, शब्दन् शब्द. मोठ्याने म्हटल्यावर ते त्याचं त्यालाच एवढंसं वाटलं.

आई विचारात पडली. "असं म्हणाले मी?" ती म्हणाली. "मूर्खपणाच केला. लपलेलीच असतात की. ही मी राहते तिथून वीस मिनिटांवर उभी आहे, आणि मला एकोणीस वर्षं लागली." मग तिने गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली. "चल. पाच म्हणाला होतास. तीनच झालीत."

"थकली असशील. उरलेली दोन पुन्हा कधीतरी बघू."

"अजिबात नाही. पाचांचे पैसे भरलेत मी."

निघण्याआधी ती पुन्हा गाभाऱ्यासमोर गेली. या वेळी पुजाऱ्याने तिला थांबवलं नाही. ती देवीशी काय बोलली ते बारक्याला ऐकू आलं नाही. बराच वेळ लागला एवढं खरं. मग दाराशी येऊन तिने पाय पुढे केले आणि बारक्याने खाली बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, या वेळी एकेकच गाठ.

त्या दिवशी घरी पोचल्यापासून बारक्या जो बोलत सुटला तो ताटावर बसेपर्यंत. बायकोला सांगून झालं, मग ताईला फोन लावून पहिल्यापासून सांगितलं. मधेमधे आई आतून ओरडून दुरुस्त्या सुचवत होती. बायको शेवटी म्हणाली, "भिंतीला दार पाडा म्हटलं होतं, भिंतच पाडलीत."

पुढच्या खेपेला पुजाऱ्याने कापडदुकानाच्या माणसाला मधे न घालता आईला देवळात बोलावून घेतलं. टेप गळ्यात अडकवून ती गेली, स्वतःच्या हातांनी माप घेतलं आणि चोळी कशी घालायची ते तिघांनाही बसवून शिकवलं. अस्तर लावणं तिने सोडलं नाही. दगडाला काय टोचणार, असं सून म्हणाली, तर म्हणे, "तुला काय माहीत?" देवीच्या दारात बारक्या आता गिऱ्हाइकांना खरं तेच सांगतो. गंमत म्हणजे सात पिढ्यांवर सगळ्यांचा विश्वास बसायचा, आणि आता तो म्हणतो, "ही वस्त्रं माझ्या आईने शिवलीत," तर लोक समजून उमजून हसतात, गाईडने मारलेली थाप म्हणून.

एका सहलीने आईचं समाधान झालं नाही. तिला त्याच्या कामाबद्दल मतं फुटली. चौथं देऊळ रटाळ आहे, असं तिचं म्हणणं पडलं. नुसता संगमरवर, बसायला जागा नाही, पंख्यावर देणगी देणाऱ्यांची नावं. ते काढून टाक आणि भाजीबाजारामागचं मारुतीचं देऊळ घे.

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?" बारक्या म्हणाला. "चार भिंती आणि पत्रा."

"सांगू नकोस. प्रत्येक ठिकाणी बोललंच पाहिजे का? माणसांना बसू दे जरा."

यावरून घरात महिनाभर वाद रंगला. जेवताना, कपडे वाळत घालताना, आई मशीनवर आणि हा दारात उभा. बायको कधी इकडून, कधी तिकडून. शेवटी एका दुपारी गिऱ्हाईक लवकर सुटलं, तेव्हा बारक्या एकटाच भाजीबाजारामागे गेला. खरंच चार भिंती आणि पत्रा होता. पण दारात मोठं झाड होतं, झाडाखाली दगडी ओटा, आणि बाजारातल्या भाजीवाल्या बायका तिथे पाय पसरून बसल्या होत्या. एकीने त्याला सरकून जागा दिली. दुसरीने न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. तो अर्धा तास नुसता बसून राहिला. कुणाला काही सांगितलं नाही, कुणी काही विचारलं नाही.

मग त्याने आईला फोन लावला.

"कुठे आहेस?" तिने विचारलं.

"मारुतीच्या ओट्यावर," तो म्हणाला. "तू येतेस का? मी थांबतो."